वजन उतरलं, पण गाडी स्टँडवर चढेना!

डिसेंबरमधला शनिवार. ऑफिसला हाफ डे. मैत्रिणीसोबत सदरला रेसिडेन्सी रोडवर थोडं शॉपिंग, मग कॉफी, असा एकदम साधा प्लॅन. शनिवारी संध्याकाळी सदरला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी लागणं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मला एका गल्लीत लागली लॉटरी. पण साइड स्टँडवर गाडी फार जागा खाते, म्हणून तिथले पार्किंगवाले काका म्हणाले, "मॅडम, डबल स्टँडवर लावा."

त्यात काय मोठंसं? कॉलेजपासून लावतेय. स्टँडवर पाय ठेवला, मागचं हँडल धरलं आणि ओढलं. गाडी थोडी उचलली गेली आणि धप्पकन पुन्हा खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मागे दोन बाइकवाले हॉर्न वाजवतायत, मैत्रीण पर्स सांभाळत हसतेय. शेवटी काकाच पुढे आले. "राहू द्या मॅडम, तुमच्याच्यानं होत नाही. तब्येत बरी नाही का?" म्हणत त्यांनी एका झटक्यात गाडी स्टँडवर चढवली. काका साठीच्या पुढचे असतील.

आता गंमत बघा. त्याच दिवशी सकाळी वजनकाट्यानं मला ७२.५ दाखवलं होतं. जुलै २०२५मध्ये मी ८२ होते. पाच महिन्यांत साडेनऊ किलो! ऑफिसमध्ये रोज कुणीतरी "काय सिक्रेट आहे?" विचारत होतं. चार वर्षांपूर्वीची जीन्स कपाटातून बाहेर आली होती. माझ्या मते माझी तब्येत आयुष्यात पहिल्यांदाच इतकी बरी होती.

सिक्रेट काय, ते सांगून टाकते. आठवड्यातून एकदा पोटाला घ्यायचं इंजेक्शन. वय ३३, जुनं पीसीओडी, रिपोर्टमध्ये बॉर्डरवर आलेली शुगर आणि घरात डायबेटिसवाली आई. एवढं सगळं बघून डॉक्टरांनी सुरू केलं. हे म्हणजे चीटिंग आहे, असं म्हणणारे खूप भेटले. त्यांच्याशी भांडण्यात मला इंटरेस्ट नाही. दहा वर्षं कीटो, जीएम डाएट, जिरं-पाणी सगळं करून झालं होतं. हे पहिलंच असं निघालं, ज्यानं डोक्यातला 'काहीतरी खाऊ या' हा चोवीस तास चालणारा रेडिओ बंद केला.

या औषधांचा फंडा थोडक्यात असा. जेवल्यावर आपल्या आतड्यात जीएलपी-१ नावाचं हार्मोन तयार होतं. ते मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं. टिर्झेपेटाइड आणखी एका हार्मोनची नक्कल सोबतीला घेऊन येतं. आपल्याकडे २०२२मध्ये सेमाग्लुटाइडच्या गोळ्या आल्या, मार्च २०२५मध्ये मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही. मौंजारोची एक वायल तेव्हा साडेतीन हजारांपासून होती आणि दर आठवड्याला एक लागते, म्हणजे महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली आणि देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. म्हणजे आता हा विषय फक्त पैसेवाल्यांचा राहणार नाही. तुमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्येही तो येणार.

म्हणूनच त्या डबल स्टँडची गोष्ट लिहायला घेतली.

काट्याला काय कळतं?

सदरलाच, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक जिम आहे. शेजारच्या काकूंची मुलगी तिथे जायची, तिच्यासोबत गेले. मनात हेच होतं की ट्रेडमिलवर अर्धा तास चालू आणि घरी येऊ. डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं होतं आणि मी सेमिनरी हिल्सला इमानदारीत चालतही होते. जिममध्ये चित्र नेहमीचंच. बायका सगळ्या ट्रेडमिल आणि सायकलवर, पुरुष सगळे आरशासमोर डंबेल्सच्या कोपऱ्यात, मध्ये जणू बॉर्डर आखलेली. त्या बॉर्डरवर एक ताई उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, कॉलेजच्या दिवसांत वेटलिफ्टिंग केलेल्या. इथे सगळे त्यांना ताईच म्हणतात.

ताईंनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. एक खुर्ची आणली. म्हणाल्या, "हात छातीशी धर आणि पाच वेळा उठून बस. जितकं फास्ट जमेल तितकं." मोबाइलवर टायमर लावला. मला १४ सेकंद लागले. ताईंनी एक भुवई वर केली.

नंतर घरी जाऊन वाचलं. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९मध्ये म्हाताऱ्या माणसांचे स्नायू कमजोर झालेत का, हे ओळखायचे निकष ठरवलेत. पाच वेळा खुर्चीतून उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर इशारा समजायचा. बायकांच्या हाताच्या पकडीचा जोर १८ किलोपेक्षा कमी भरला तरी तसंच. म्हाताऱ्या माणसांचे निकष, आणि मी ३३ वर्षांची!

ताईंना इंजेक्शनचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग तू वजन कमी करून राहिली, की स्वतःलाच कमी करून राहिली?"

प्रश्न टोचला, पण बरोबर होता. साडेनऊ किलो गेले ते नेमके कशाचे, हे काटा सांगत नाही. चरबी गेली तरी किलो, स्नायू गेला तरी किलो, नुसतं पाणी गेलं तरी किलोच. मी दर सोमवारी सकाळी त्या आकड्याचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकत होते, पण गेलं काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मोठ्या ट्रायल्समध्ये हे मोजलंय. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ या ट्रायलमध्ये १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत त्यांच्यातल्या औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. ट्रायलमधल्या १४० जणांचं डेक्सा स्कॅन केलं होतं. औषध घेणाऱ्यांची चरबी १९.३ टक्क्यांनी घटली आणि 'लीन मास' ९.७ टक्क्यांनी. लीन मास म्हणजे चरबी आणि हाडं सोडून उरलेलं सगळं: स्नायू, आतले अवयव, पाणी. टिर्झेपेटाइडच्या ट्रायलमध्ये उतरलेल्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग चरबीचा निघाला आणि एक चतुर्थांश लीन मासचा.

हे वाचून सिरिंज फेकून देऊ नका हं. वजन कसंही उतरवा, उपास करून किंवा ऑपरेशन करून, थोडा लीन मास जातोच. शरीर हलकं झालं की ते वाहून न्यायला स्नायूही थोडे कमी लागतात. शिवाय स्टेप-१मध्ये एकूण शरीरात लीन मासचं प्रमाण उलट वाढलेलंच दिसलं, कारण चरबी त्याहून जास्त गेली. त्यामुळे 'इंजेक्शन स्नायू खातं' अशी भीती घालणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण सरासरी ही सरासरी असते. ज्याच्या खात्यात मुळातच बॅलन्स कमी, त्याला तेवढंच विथड्रॉवल महाग पडतं. आणि आपल्या खात्यात बॅलन्स किती, हे पुण्याच्या एका डॉक्टरांनी कधीच दाखवून ठेवलंय.

दोन डॉक्टर, एक बीएमआय

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४मध्ये 'लॅन्सेट' या जर्नलमध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सेम टू सेम, २२.३. कुठल्याही चार्टवर दोघंही एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांवरून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव पडलं.

हे नुसतं बैठ्या कामामुळे होतं असं समजू नका. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, साधारण २.७ किलोची. हातपाय बारीक, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्द २००३मध्ये तिथूनच आला. म्हणजे शेतात राबणाऱ्या आईच्या पोटातूनच आपण स्नायूंच्या बाबतीत थोडे कमी घेऊन येतो. वर मुलगी म्हटली की पुरुषांपेक्षा स्नायू कमी असणारच. त्यात दिवसाचे दहा तास खुर्चीत.

स्नायू म्हणजे फक्त गाडी उचलायची मशीन असंही नाही. जेवल्यावर रक्तात येणारी साखर उचलून साठवण्याचं मोठं काम स्नायूच करतात. घरात डायबेटिस असलेल्या माझ्यासारखीनं तेच घालवायचं म्हणजे घर भाड्यानं देऊन फुटपाथवर झोपण्यासारखं आहे.

आणि सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट पुढेच आहे. औषध बंद केलं तर? स्टेप-१मधल्या माणसांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. वजन परत येताना चरबी आपोआप येते, पण गेलेला स्नायू मेहनत केल्याशिवाय तसाच परत येत नाही. दोन-तीनदा असं वर-खाली झालं की काटा जुनाच आकडा दाखवणार, पण आतला माल बदललेला असणार. म्हणून लग्नाच्या सीझनमध्ये 'फक्त पाच किलो' उतरवायला इंजेक्शन मागणाऱ्या सडपातळ मुली बघितल्या की मला धडकी भरते. त्यांच्याजवळ घालवायला आहेच काय? लठ्ठपणा नसताना हे घ्यायचं औषध नाही, आणि डॉक्टरांशिवाय तर नाहीच नाही.

रॉड, प्लेट आणि शंभर पानी वही

आता प्रश्न असा की चालणं का पुरत नाही? चालणं छान आहे, हार्टसाठी, मूडसाठी. पण स्नायूला 'तुझी गरज आहे' हा निरोप चालण्यानं नीट पोचत नाही. तो पोचतो, जड काहीतरी उचलायला लावल्यावर. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ माणसांवर एक अभ्यास झाला, २०१७मध्ये छापून आला. औषध नव्हतं, फक्त डाएट आणि व्यायाम. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं. पण फक्त चालणं-सायकल असे व्यायाम करणाऱ्यांचा लीन मास ५ टक्के गेला, वजनं उचलणाऱ्यांचा २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. कमरेच्या हाडाची घनताही वजनं उचलणाऱ्यांची जास्त टिकली. डेन्मार्कमध्ये लिराग्लुटाइड या जुन्या इंजेक्शनसोबत व्यायाम करायला लावून बघितलं, तिथेही नुसत्या औषधापेक्षा दोन्ही मिळून चरबी जास्त उतरली आणि हाडं जास्त टिकली. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशननं तर सगळ्याच मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगून ठेवलाय.

'पण मग मी पुरुषांसारखी दिसेन!' हा डायलॉग मीही मारला. ताईंनी फोनवर एक फोटो दाखवला. हर्षदा गरुड, मावळातल्या वडगावची पोरगी. २०२२मध्ये ग्रीसमध्ये ज्युनिअर वर्ल्ड वेटलिफ्टिंगचं गोल्ड जिंकणारी पहिली भारतीय. वजनगट ४५ किलो, आणि डोक्यावर उचलले ८३ किलो. "कुठे दिसून राहिली पुरुषासारखी?" मी गप्प. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की चुकून बॉडीबिल्डर होणं शक्यच नाही. ज्या होतात, त्या वर्षानुवर्षं घाम गाळून होतात.

पहिला महिना लाजिरवाणा होता. चार किलोचं डंबेल छातीशी धरून खुर्चीपर्यंत बसायचं नि उठायचं. भिंतीला टेकून पुश-अप. रबराचा पट्टा ओढायचा. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलणं, त्यासाठी नुसता रिकामा रॉड. पलीकडे इंजिनीअरिंगची पोरं रॉडला शंभर किलो लावून आरडाओरडा करतायत आणि मी रिकामा रॉड घेऊन घामाघूम. पण ताईंचा एक नियम होता. सगळं वहीत लिहायचं. किती किलो, किती वेळा, किती सेट. आणि जेव्हा सांगितलेल्यापेक्षा दोन वेळा जास्त सहज जमेल, तेव्हा थोडं वजन वाढवायचं. सारखं तेच वजन उचललं तर स्नायूला काही नवीन कळतच नाही.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. दोन वर्कआउटमध्ये एक दिवस गॅप. माझं इंजेक्शन शुक्रवारी रात्री असतं, त्यामुळे शनिवारी मळमळतं. म्हणून जिमचे वार रविवार संध्याकाळ, मंगळवार, गुरुवार असे लावले. ही साधी ॲडजस्टमेंट करायला मला पाच आठवडे लागले. तोपर्यंत शनिवारी सकाळी जाऊन दोनदा चक्कर येऊन बसले होते. डोस वाढतो त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, हाही ताईंचाच नियम. तुम्हाला शुगरच्या इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. शुगर एकदम खाली जाऊ शकते.

वरणात डाळ किती, पाणी किती?

खरी लढाई ताटातली आहे. औषधानं भूक मरते आणि माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? चावायला लागणारं, पोटाला जड वाटणारं. म्हणजे नेमकं प्रोटीनच! ऑक्टोबरमधलं माझं जेवण आठवलं की हसू येतं. सकाळी अर्धी प्लेट पोहे, दुपारी एक पोळी नि भाजीचे दोन घास, संध्याकाळी चहा-खारी, रात्री चार चमचे वरण-भात. मी एकदा हिशोब केला तर दिवसाचं प्रोटीन ३० ग्रॅमही होईना.

आपल्याकडच्या आयसीएमआर-एनआयएननं निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर तज्ज्ञ साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात. माझ्या ७२ किलोंना १.२नं गुणलं की ८६. आता ८६ ग्रॅम खायचे, आणि भूक चिमणीएवढी!

मग घरातला नियम बदलला. ताटात पहिला घास प्रोटीनचा, पोळी-भात नंतर, उरली जागा तर. सकाळी दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम). अकराला ग्लासभर दूध. डब्यात १०० ग्रॅम पनीरची भुर्जी (१८) किंवा ५० ग्रॅम सोया चंक्सची भाजी (तब्बल २६, आणि पनीरपेक्षा किती स्वस्त!). वरण घट्ट. आमच्या घरचं वरण म्हणजे अंबाझरी तलाव होता, डाळ तळाशी शोधावी लागायची. आता वाटीभर घट्ट वरणात ३० ग्रॅम डाळ पडते, म्हणजे ७ ग्रॅम प्रोटीन. रात्री पिठलं नि दही. शनिवारचे तर्री-पोहे बंद केलेले नाहीत, तेवढी मी संत नाही. फक्त टपरीवाल्या भाऊंना सांगते, पोहे अर्धे आणि तर्रीतले चणे डबल. पावडरचा डबाही आणलाय, ज्या दिवशी काहीच जात नाही त्या दिवसासाठी. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक धडा फुकट देते. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सावजी खाऊ नका. पोट रिकामं व्हायला आधीच वेळ लागतोय, त्यात ते तेल आणि तो मसाला. मैत्रिणीच्या हळदीला मी खाल्लं. पुढचे चोवीस तास काय झालं, ते या चकचकीत पानावर लिहिण्यासारखं नाही. आणि मे महिन्यात नागपूरचं ४५ डिग्री ऊन, भूक नाही, तहानही नीट लागत नाही, वरून घाम. उन्हाळाभर पर्समध्ये पाण्याची बाटली, दुपारी ताक आणि सकाळी सातूचं पीठ, यावर मी तग धरला.

आईचा नंबर

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. आई ६१ वर्षांची. तिच्या डॉक्टरांनी तिला शुगरसाठी सेमाग्लुटाइडच्या गोळ्या दिल्या. शुगर मस्त कंट्रोलमध्ये आली, सहा किलो वजन उतरलं, सगळ्या काकू-मावश्या खूश. पण जानेवारीत एके सकाळी पूजा झाल्यावर ती देवघरातून हाक मारत होती. खाली बसली होती आणि उठताच येत नव्हतं. स्टूल धरलं तर स्टूल सरकलं. मी हात दिला तेव्हा हसत म्हणाली, "वय झालं आता."

वय मलाही माहीत होतं. पण सहा महिन्यांपूर्वी ती उठत होती ना! मेनोपॉजनंतर बायकांची हाडं वेगानं ठिसूळ होतात, त्यात मांड्यांचा जोर गेला की पडायची भीती. आणि या वयात कमरेचं हाड मोडणं म्हणजे काय, ते आमच्या आजीच्या वेळी घरानं बघितलंय. मला सदरच्या गल्लीत गाडी उचलता आली नाही, तेव्हा चारचौघांत हसं झालं. आई बाथरूममध्ये पडली असती तर?

मी तिला ताईंची खुर्ची टेस्ट करायला लावली. तिसऱ्यांदा उठतानाच हात टेकले.

"तू पण वजनं उचलायला चल."

"बाप्पा! मी? या वयात? लोक काय म्हणतील?"

मी तिला बोस्टनचा अभ्यास सांगितला. १९९०मध्ये वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. ज्यांनी पूर्ण केलं, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आई म्हणाली, "तिकडची माणसं वेगळी असतात." मग मी दुसरा मुद्दा काढला. काटोलकडच्या माहेरी ती विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायची, जात्यावर दळायची, याच्या गोष्टी ती आम्हाला शंभरदा सांगते. तेव्हा कुणी काही म्हणालं होतं का? यावर ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा तिनं स्वतःच खुर्ची पुढे ओढली.

जिमला ती अजून आलेली नाही. घरीच करते. आधी खुर्चीवर दोन उश्या ठेवून उठबस, मग एक उशी, मग उशीशिवाय. दोन पाण्याच्या बाटल्या खांद्यावर उचलायच्या. पाच किलो कणकेची पिशवी छातीशी धरून बैठकीतून स्वयंपाकघरात आणि परत. तिचे गुडघे दुखायचे म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. अंडं ती खात नाही, त्यामुळे तिच्या वाटीत सोया आणि ताटात दही वाढलं. तीन महिन्यांनी पाच वेळा उठायला १३ सेकंद लागले. अजून बाराच्या आत यायचंय. रोज सकाळी पूजेनंतर ती 'उठले बरं का' असं मुद्दाम ओरडून सांगते.

माझं म्हणाल तर वजन आता ६९ आहे. गेल्या सहा महिन्यांत फक्त साडेतीन किलो उतरलं, म्हणजे ग्रुपवर टाकण्यासारखा फोटोच नाही. पण कंबर दोन इंच आणखी कमी झाली, डेडलिफ्ट रिकाम्या रॉडवरून ५० किलोवर आली आणि खुर्ची टेस्ट ८ सेकंदांत होते. गाडी फेब्रुवारीतच डबल स्टँडवर लागली होती, पण बघायला कुणीच नव्हतं.

एक चुटपुट मात्र राहिली. औषध सुरू करायच्या आधी मी काहीच मोजून ठेवलं नव्हतं. ना स्कॅन, ना कंबर, ना खुर्चीचे सेकंद. त्यामुळे त्या पहिल्या साडेनऊ किलोंत स्नायू किती होता, हे मला आता कधीच कळणार नाही. जिममधली ती पाय ठेवून उभं राहायची मशीन पाणी प्यायल्यावर एक सांगते आणि सकाळी एक. डेक्सा स्कॅन मोठ्या सेंटर्सवर होतं, फक्त फोन करून विचारा की हाडांसोबत बॉडी कॉम्पोझिशनचा रिपोर्टही देतात का. तुम्ही आज-उद्या सुरू करणार असाल, तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी एवढं करून घ्या आणि त्याच आठवड्यात एखादा रॉड शोधा. माझ्यासारखे पाच महिने घालवू नका.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. डोस तोच ठेवायचा की कमी करायचा, हे ठरायचंय. वही सोबत नेणार आहे. स्कॅनची वेळ घ्यायला फोन लावला होता, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघींची घे."